एक नॉब, एक खटका

सकाळी हिराबाई आली ती पाटीत वालाच्या शेंगांबरोबर भांबुर्ड्याचा पालाही घेऊन. पाटी दारात टेकली आणि सगळ्या जिन्याला तो वास लागला. ओव्यासारखा, जरा कडसर, मागे ओल्या मातीचा. पनवेलमध्ये थंडी आली हे मला स्वेटरवरून कधीच कळत नाही, तो कपाटातून बाहेर काढायची वेळ फारशी येतच नाही. ते कळतं नेरे गावाहून शेंगा विकायला येणाऱ्या हिराबाईवरून.

"वयनी, औंदा पोपटी लावाची हाय का नाय?"

"कोण लावणार गं आता? ठेव एक जुडी. नुसती वासाला."

"वासान पोट भरतं काय?" ती हसली, जुडी माझ्या हातात दिली आणि पाणी मागून पायरीवर टेकली. तिला तांब्या देऊन मी जुडी घेऊन तशीच उभी राहिले. पाणी पिऊन ती उठेल, मग दार लावू, असं म्हणत.

पोपटी ही आमच्या रायगडातली थंडीची चैन. मडक्याच्या तळाशी हा पाला घालायचा, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांच्या घरी कोंबडी, वर पुन्हा पाला गच्च कोंबायचा. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पालापाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब नाही. सगळं शिजतं ते पाल्याच्या ओलाव्यावर. यांना पोपटीचं भारी वेड होतं. हे म्हणजे माझे यजमान, मालगाडीचे ड्रायव्हर. पनवेल-रोहा हा त्यांचा नेहमीचा रस्ता. थंडीत आपट्याच्या लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, समोरच्या गाडीला वाट द्यायला उभं राहावं लागलं की पाताळगंगेवरून धुकं यायचं आणि शेतातून पोपटीचा धूर. "इंजिनात बसून नुसता वास घ्यायचा, खाली उतरायचं नाही. रेल्वेच्या पुस्तकात याच्याइतकी कडक शिक्षा दुसरी नसेल," असं घरी येऊन सांगायचे. मग रजेच्या दिवशी नेऱ्याला कुणाच्या तरी शेतात जाऊन त्या वासाचा सूड उगवायचे.

आयुष्यभर गाडी चालवून दमलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करेल? देवदर्शन करील, गावी जाईल, गेला बाजार पेपर तरी वाचत बसेल. आमच्या यांनी मागच्या खोलीत प्लायवूडची भलीमोठी फळी टाकली आणि तिच्यावर गाडी चालवायला सुरुवात केली. निरोपाच्या वेळी आमच्या मुलानं, निखिलनं, त्यांना एक छोटं इंजीन, चार वाघिणी आणि रूळ आणून दिले होते, तिथून हे लचांड सुरू झालं. वर्तमानपत्रं भिजवून डोंगर झाला, निळ्या ऑइलपेंटची पाताळगंगा झाली, तिच्यावर पूल झाला, आणि मध्ये आपटा स्टेशन, लूपसकट. माझी इस्त्रीची जागा गेली, पापड वाळवायची जागा गेली. "घरात चूल कुठे मांडू सांगा, की आपट्याला मांडू?" असं मी विचारायची. त्यांना ऐकू गेलं तरी जायचं नाही. गाडी सोडण्याआधी मान मागे वळवून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचे, मग तोंडानं शिट्टी मारायचे. मी स्वयंपाकघरातून हसायची. काय पुटपुटतात ते मी कधी विचारलं नाही. नवऱ्याचं सगळंच पुटपुटणं विचारत बसलं तर बाईचा संसार व्हायचा कसा?

मग एका वर्षी पाऊस सरता सरता यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. इस्पितळातून घरी आलो तेव्हा नवरात्र संपून ऑक्टोबरचं ऊन तापलेलं होतं. दिवाळीपर्यंत पाय थोडा उचलू लागला, तोंडातून एखादा शब्द कसाबसा निघू लागला. पण हात नाही. व्यायाम शिकवायला यायची ती मुलगी मोठी गोड बोलायची, पण जे सांगितलं ते स्पष्ट सांगितलं. "काकू, ही थंडी महत्त्वाची आहे. आता हात वापरला नाही तर मूठ आवळत जाईल, मग ती उघडणार नाही." तिनं दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. हे त्या चेंडूकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललंय ते मला कळत होतं. या माणसानं मनातून गाडी उभी केली होती. मला मुठीपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटत होती.

ती थंडी माझ्या अंगात अजून आहे. सकाळी यांना उठवायचं, पुसायचं, चमच्यानं भरवायचं, चादर बदलायची, मग स्वयंपाक, मग पुन्हा भरवायचं. तळोज्याकडून वारा फिरला की पहाटेच तो कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून यायचा आणि मी खिडक्या लावत फिरायची. दुपारी आरशासमोरून जाताना वाटायचं, ही कोण बाई? नोकरीत असताना हे कधीकधी ठरल्या वेळेनंतर कितीतरी उशिरा घरी यायचे आणि बूट काढता काढता म्हणायचे, "बदलीवाला आलाच नाही." इंजीन असं टाकून येता येत नाही. दुसऱ्या ड्रायव्हरनं यायचं, गाडीची हालहवाल ऐकून घ्यायची, 'चार्ज घेतला' म्हणायचं, मगच पहिल्यानं खाली उतरायचं. तोवर कितीही दमलेला असला तरी तोच ड्रायव्हर. त्या हिवाळ्यात मला हे वाक्य रोज आठवायचं.

गाडीची कल्पना माझीच. चेंडू दाबत नाहीत, निदान गाडीचा नॉब तरी फिरवतील. पण तो कंट्रोलर, म्हणजे गाडीचा वेग कमीजास्त करायचा डबा, फळीच्या पलीकडच्या कडेला स्क्रूनं पक्का बसवलेला होता. तिथे उभं राहूनच चालवायला हवं, आणि यांना उभं राहता येत नव्हतं. तेव्हा हातात धरायचा, वायरीनं जोडलेला, खुर्चीत बसून चालवता येईल असा कंट्रोलर हवा. इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट मागितली की लोकांना वाटतं, बाईला समजत नाही.

आमचा निखिल पुण्याला कंपनीत. तो दिवाळीला आला तेव्हा रंगीत चित्रं छापून घेऊन आला. त्या कंट्रोलरला पडदा होता, आकड्यांची बटणं होती, इंजिनाच्या पोटात चिप बसवायची होती, आणि म्हणे एकाच वेळी कितीतरी गाड्या वेगवेगळ्या चालवता येतात.

"अरे, आपल्याकडे गाडी एकच आहे."

"आई, पुढे वाढवता येईल ना."

'पुढे' हा शब्द त्या दिवसांत माझ्याच्यानं ऐकवत नसे. मी चित्रं घडी घालून परत दिली.

मग इब्राहिमभाई. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान. तरुणपणी आखातात काम करून आलेले, आणि यांचे जुने दोस्त. पोपटीच्या शेतावर दरवर्षी मडक्याशेजारी बसणारे ते दोघे. त्यांनी दुबईच्या मेहुण्याकडून एक मागवला. बिनवायरीचा, हलका, रबरी बटणांचा. एक दाबलं की वेग वाढतो, दुसरं दाबलं की कमी होतो. इब्राहिमभाईंनी स्वतः गाडी सुरू करून दिली आणि तो यांच्या उजव्या हातात ठेवला. गाडी आपट्याच्या वळणाला आली, हे वेग कमी करायला गेले. अंगठ्याला काहीच कळेना. दाबलं की नाही, दाबलं ते कुठलं, काही नाही. गाडी कमी व्हायच्या ऐवजी सुसाट सुटली आणि पुलावरून सगळ्या वाघिणींसकट पाताळगंगेत पडली. सगळ्या नोकरीत ज्यानं गाडी रुळावरून कधी उतरू दिली नाही, त्यानं तो रिमोट मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

इब्राहिमभाई वाघिणी उचलून ठेवत होते. "माफ करा डायवरसाब," ते म्हणाले. मग मला बाहेर येऊन हळूच, "भाभी, माल उमदा हाय. पण तो हाताला ओळखत नाय. मी तरी काय करू? चक्क रडू यायला लागलंय." आणि खरंच त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना चहा दिला. मला रडायला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या उजव्या हातात यांचे दोन लोकरी मोजे एकावर एक चढवले आणि घरभर फिरले. टीव्हीचा रिमोट दाबून पाहिला, दारावरची बेल, मिक्सर, गॅस. शेजारच्या बाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, हिच्याही डोक्यावर परिणाम झाला. झाला असता तरी नवल नव्हतं. पण मला जे हवं होतं ते कळलं. बटण दाबलं की नाही हे मोज्यातल्या हाताला कळत नाही. गॅसचा नॉब मात्र कळतो. तो किती फिरलाय हे बोटं नाही सांगत, मनगट सांगतं. आणि नको असेल तेव्हा उलटा शेवटपर्यंत फिरवला की बंद. डोळे मिटूनही चुकायचं नाही. काही कंट्रोलरांना नॉबच्या मधोमध शून्य असतं, डावीकडे फिरवलं तर गाडी मागे, उजवीकडे फिरवलं तर पुढे. तेही नको. थरथरता हात शून्यावर थांबेल कसा? तो पुढे जाईल आणि गाडी भलतीकडे पळेल. पुढे-मागेसाठी वेगळा खटका हवा, वर-खाली होणारा, जाडजूड.

मी निखिलला फोन केला. "एक नॉब, एक खटका, एक वायर. बाकी काही नको."

"आई, तसले लहान मुलांच्या सेटमध्ये असतात. नवशिक्यांसाठी."

"मग तोच पाठव. आम्ही दोघंही नवशिकेच आहोत."

तो आधी हसला. मग म्हणाला, "बरं." आठवडाभरात कुरियर आलं. काळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, दिसायला अगदीच गरीब. नॉब इवलासा होता, तो इब्राहिमभाईंनी काढला आणि त्यावर पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरची मोठी कंगोरेदार टोपी बसवली. हातातून निसटू नये म्हणून मी जुन्या साडीच्या काठाचा पट्टा शिवला, मनगटात अडकवायला. असा तो आमचा कंट्रोलर तयार झाला. इब्राहिमभाई त्याच्याकडे बघून म्हणाले, "शकल नाय, पण दिल साफ हाय."

यांना खुर्चीत बसवलं, पट्टा डाव्या मनगटात अडकवला, डबा डाव्या हातात, उजव्या हाताची बोटं एकेक करून नॉबवर ठेवली. गाडी आपट्याच्या लूपवर उभी होती. आम्ही वाट बघत राहिलो. यांनी नॉबकडे पाहिलं, रुळांकडे पाहिलं, आणि मान मागे वळवून दाराकडे पाहिलं. बस. बोट हललं नाही.

"घाबरलेत," इब्राहिमभाई कुजबुजले. "त्या दिवसाचा धसका हाय." व्यायामाची मुलगी म्हणाली, जबरदस्ती करू नका. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बसवायचं, बोटं ठेवायची, आणि यांनी मान वळवून दाराकडे बघायचं. मला वाटलं, यांना खोलीतून बाहेर जायचंय. खुर्ची वळवली की मान हलवून नाही म्हणत. पुन्हा बसवलं की पुन्हा दाराकडे. बोटं आता सकाळी उघडायला वेळ लागत होता. मी तेल लावून एकेक सरळ करायची आणि ती पुन्हा हळूहळू मिटायची. एके दिवशी मी कंट्रोलर भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवला. राग आला होता. यांचा, त्या हाताचा, त्या गाडीचा, सगळ्या जगाचा. किती करायचं एका माणसानं?

नंतर कशाला तो पुन्हा खाली काढला, आठवत नाही. सवयीनं असेल. ती संध्याकाळ उतरायची वेळ होती. यांना बसवलं, बोटं ठेवली, आणि दारावर हिराबाईची हाक आली. आजच्यासारखीच पाटी, आजच्यासारखाच प्रश्न. मी पोपटी नको म्हटलं, तरी तिनं एक जुडी हातात कोंबली. "डायवरभावांना वास तरी देवा, वयनी. तेवडीच बरी वाटल." मी जुडी घेऊन मागच्या खोलीच्या दारात आले. पाल्यात मुंग्या होत्या. त्या माझ्या हातावर चढायला लागल्या, म्हणून मी बाहेरच्या बाजूला वळले आणि हात लांब धरून जुडी जोरानं झटकली. डावीकडे, उजवीकडे.

पाठीमागे काहीतरी बारीक वाजलं. ओठांतून निघालेली हवा. शिट्टी नव्हती ती, पण शिट्टीच होती. मी वळून पाहिलं तर हे दाराकडे, माझ्या हातातल्या हिरव्या पाल्याकडे बघत होते, आणि रेग्युलेटरची ती जुनाट टोपी कणाकणानं फिरत होती. गाडी लूपवरून हलली. हळू, फार हळू, वळण घेऊन पुलावर आली, पूल ओलांडला आणि फळीला वळसा घालून परत आपट्याला येऊन थांबली. बरोब्बर थांबली.

तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं हे काय पुटपुटत होते. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो. गार्ड हिरवी झेंडी दाखवतो, ड्रायव्हर मागे वळून ती बघतो, शिट्टी देतो, मग गाडी हलते. हिरवी पाहिल्याशिवाय यांनी कधी गाडी सोडली नव्हती. फळीवरची गाडी चालवताना गार्डाची हिरवीही ते स्वतःच पुटपुटून द्यायचे. झटक्यानं वाचा नेली आणि गार्ड गेला. आम्ही सगळे हात तपासत बसलो होतो, आणि हा माणूस रोज, शिस्तीत, मागे वळून झेंडीची वाट बघत होता. मी तिथेच खाली बसले आणि त्या सबंध थंडीत पहिल्यांदा पोटभर रडले. हे माझ्याकडे बघून पुन्हा एकदा ओठांतून हवा सोडत होते. म्हणजे काय, तर पुढची झेंडी दाखव.

मग ती थंडीभर मी गार्ड होते. भांडी झाली की पाल्याची जुडी घेऊन दारात उभी राहायची. पाला सुकला की हिराबाई ताजा आणायची, कशाला ते विचारायची नाही, पैसे घ्यायची नाही. इब्राहिमभाईंनी मला खरी झेंडी शिवून देतो म्हटलं, पण यांना पालाच हवा होता. आपट्याचा वास त्यालाच यायचा. पाय दुखायचे, डोळे मिटायचे, तरी मी उभी राहायची. दमणूक कमी झाली असं मी म्हणणार नाही. ती तेवढीच होती. फक्त तिच्या शेवटी रोज एक गाडी सुटायची. मूठ पूर्ण उघडली नाही कधी, पण मिटलीही नाही. पुढचा हिवाळा आला, त्याच्या पुढचाही.

शेवटच्या थंडीत हे फार थकले. एका दुपारी मी झेंडी दाखवली, यांनी गाडी सोडली, एक फेरी झाली आणि आपट्याला मुख्य रुळावर न थांबवता, मला खुणेनं सांधा बदलायला लावून, ती यांनी लूपवर घेतली. थांबवली. नॉब उलटा शेवटपर्यंत फिरवला. मग डाव्या मनगटातला साडीच्या काठाचा पट्टा उजव्या हाताच्या वाकड्या बोटांनी ओढायला लागले. मी मदतीला गेले तर मान हलवली. बराच वेळ लागला. पट्टा निघाला. माझा हात हातात घेऊन तो त्यांनी माझ्या मनगटात सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरच्या बायकोला हे समजावून सांगावं लागत नाही. वाट बघणाऱ्या माणसाला तसंच कसं बसवून ठेवायचं? मी म्हटलं, "चार्ज घेतला." त्यांनी डोळे मिटले. या खेपेला ते मिटणं वेगळं होतं. होळीच्या आधी गेले.

गाडी तेव्हापासून आपट्याच्या लूपवर उभी आहे. निखिल म्हणतो, आई, फळी देऊन टाकू कुणाला तरी, खोली मोकळी होईल. त्याचं चूक नाही. मी रूळ पुसते, इंजिनाला थेंबभर तेल देते, खिळ्यावरचा कंट्रोलर काढून पुन्हा टांगते. चालवली मात्र नाही. मी दमले आहे, खूप दमले आहे, आणि माझा बदलीवाला अजून आलेला नाही. पण चार्ज घेतलेल्या माणसानं गाडी किती दिवस लूपवर ठेवायची?

हिराबाईनं तांब्या खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. मी अजून जुडी धरून उभी होते, आणि पाल्यातल्या मुंग्या हातावर चढत होत्या.

"हिराबाई, जरा आत ये."

"काय झाला वो?"

तिला मागच्या खोलीच्या दारात उभं केलं, जुडी तिच्या हातात दिली. खिळ्यावरून कंट्रोलर काढला, पट्टा मनगटात अडकवला आणि यांच्या खुर्चीत बसले.

"आता तो पाला हलव. वर धरून."

"कशाला वो वयनी?"

"हलव गं. समोरचा रस्ता मोकळा आहे."

तिला काही समजलं नाही, पण तिनं हात वर करून पाला हलवला. मी मान मागे वळवून तो नीट पाहिला. मग नॉब फिरवला.